प्रोसेसरला लावलेलं भस्म

"एवढ्या वेळात तर धाकटी बी उजवून झाली असती की माझी."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. दगडोबा तात्या माझ्या पाठीमागं डावीकडं स्टुलावर बसून ते आपल्या गुडघ्याला ऐकवत होते. माझ्या कानावर हेडफोन, त्यामुळं मला काही ऐकू येत नसणार असा त्यांचा समज. पण आमच्या हेडफोनची डावी बाजू कधीचीच मुकी झालीय, आणि गिऱ्हाईक नेमकं डाव्या अंगाला बसतं. या मुक्या बाजूनं मी येरमाळ्यातल्या किती लग्नांचा खरा निकाल ऐकलाय ते सांगायला लागले, तर दुकान बंद करून गाव सोडावं लागेल.

तात्यांची कुरकुर रास्त होती. थोरल्या शिवांजलीचं लग्न ऐन उन्हाळ्यात झालं, आता आभाळ भरून यायला लागलं, तरी कॅसेटचा पत्ता नव्हता. कॅसेटी केव्हाच गेल्या, पेनड्राइव्ह आले. पण लोक अजून कॅसेटच म्हणतात, आणि ती आमच्याकडं नवरा-नवरीची नसते, आहेराची असते. मंगलाष्टका दोन कमी भरल्या तर कुणी विचारत नाही. टॉवेल-टोपी देताना एखाद्या गावचे पाहुणे दिसले नाहीत, तर ते पुढच्या लग्नाला येत नाहीत, आणि का आले नाहीत हेही सांगत नाहीत. म्हणून कापाकापीची सोय नाही. जेवढं लग्न तेवढी कॅसेट. पुण्याकडं म्हणे तीन मिनिटांत सगळं लग्न दाखवतात, ड्रोन उडवून. आमच्याकडं तसं केलं तर भावकी ड्रोनच्या आधी मला उडवेल.

"वैनी, मंगळवारी गोंधळ हाय," तात्या आता मोठ्यानं म्हणाले. "येडाईच्या देवळापुढं पडदा लावणार हाय मी. सगळी भावकी येणार. जावई त्याच हप्त्यात पोरीला घेऊन हैदराबादला चालला. तवर व्हईल का न्हाय, तेवढं सांगा."

"होईल तात्या. मशीन जरा जुनं झालंय."

"मशीनच जुनं झालंय व्हय," तात्या म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता टोपी झटकून उठले.

आता मशीन, म्हणजे आमचा कॉम्प्युटर, कशामुळं अडत होतं ते सांगते. कल्याणप्पा, म्हणजे आमचे हे, जन्मभर लग्नं चित्रित करत आले. त्यांची चौकट भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी असायची. वरातीत बैल उधळला तरी चित्रातला बैल सरळ रेषेत उधळायचा. गेल्या लग्नसराईपासून चित्र हलायला लागलं. कारण त्यांचा उजवा हात हलतो. कपात चहा दिला तर बशी वाजते. हे मी इथं लिहिलंय. घरात तोवर कुणी बोललं नव्हतं. मी बशी द्यायची बंद केली. शेजारच्या वेल्डिंगवाल्या शरणबसप्पांनी न सांगता कॅमेऱ्यासाठी एक जाडजूड लोखंडी स्टँड करून आणला आणि "भंगार पडलं होतं, म्हटलं करून टाकावं" म्हणाले. तो स्टँड उचलायला दोन माणसं लागतात, आणि आहेराच्या रांगेत कॅमेरा हातातच घ्यावा लागतो. पण भावना पोचली.

बोललो असतो तर दवाखाना आला असता, दवाखान्यामागून बातमी आली असती, आणि बातमीमागून पुढच्या वर्षीच्या तारखा दुसऱ्याच्या गळ्यात पडल्या असत्या. खरं म्हणजे मला बातमीपेक्षा त्या दुखण्याच्या नावाची धास्ती होती. नाव कळेपर्यंत ते नुसतं हलणं असतं.

तर सॉफ्टवेअरमध्ये हलतं चित्र स्थिर करायची सोय असते. दोन-चार तुकड्यांना ती लावली तर मशीन कुरकुर न करता करतं. मी ती अख्ख्या लग्नाला लावली. आमच्या मशीननं रात्रभर धापा टाकून हळद कशीबशी ओलांडली आणि सीमांतपूजनाला मान टाकली. धाराशिवला मिक्सिंगला, म्हणजे चित्र जोडून घ्यायला द्या, असं दहा जणांनी सुचवलं. पण तिथं कच्चं चित्रीकरण द्यावं लागतं. ते चार अनोळखी पोरांनी बघावं आणि एकमेकांना कोपर मारावं, हे मला नको होतं.

म्हणून मी ठरवलं, प्रोसेसर पळवायचा. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. मिक्सिंग मी व्हिडिओ बघून शिकले, हेही तसंच शिकले. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीटचं बटण टकाटक दाबलं की बायोस नावाचं आतलं घर उघडतं. तिथं प्रोसेसरच्या वेगाचा एक आकडा असतो. आमचा बेचाळीस होता. तो वाढवला की प्रोसेसर जास्त पळतो. पण बैलाला पराणी लावली तर पेंडही वाढवावी लागते, तसं इथं व्होल्टेज किंचित वाढवावं लागतं. आणि व्होल्टेज वाढलं की तो तापतो. मग स्ट्रेस टेस्ट लावायची, म्हणजे नव्या सुनेला पहिल्या पंचमीपर्यंत जसं सगळं घर कामाला लावून बघतं, तसं मशीनला मुद्दाम छळायचं. छळूनही ते पडलं नाही, तर ते स्थिर.

ही बातमी मी कुणालाच सांगितली नव्हती, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळली. गोपाळकृष्ण सर पहिले आले. सर विज्ञान शिकवून निवृत्त झालेत, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना विज्ञानातलं सगळंच येतं.

"बेचाळीसचे त्रेचाळीस कसले करता?" सर म्हणाले. "भित्रेपणा आहे हा. पन्नास करा. सम संख्या, गोल संख्या. निसर्गाला गोल संख्या आवडते."

मला निसर्गाच्या आवडीनिवडी ठाऊक नाहीत. तरी सरांचा मान म्हणून मी पन्नास केले. मशीननं एक उसासा टाकला आणि पडदा काळा झाला, तो काळाच राहिला. सर घड्याळ बघून उठले. त्यांना अचानक दळण आणायचं होतं. मी मशीनचा डबा उघडला, मदरबोर्डवरची गोल बॅटरी काढली, जरा थांबून परत बसवली. तसं केलं की मशीन सगळं विसरतं आणि पुन्हा बेचाळीसवर येतं. बॅटरी परत बसवताना माझ्या मनात आलं, की कुणाला कुठली बॅटरी काढून असं मागचं विसरायला लावता आलं असतं तर. पण हे विनोदी लिखाणात बसत नाही, सोडून देते.

दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखे चव्वेचाळीस केले. टेस्ट लावली. छान चालली. एकदम पडदा निळा झाला आणि त्यावर एक रडका चेहरा उमटला. सासूबाई पाट्यावर चटणी वाटत होत्या, तिथून त्यांनी मान उंच करून बघितलं.

"कोण गेलं गं?"

"कुणी नाही. मशीन बंद पडलं."

"मग रडतंय कोण त्याच्यात?"

पुन्हा लावली, पुन्हा रडका चेहरा. असं चार वेळा झाल्यावर लक्षात आलं, की तो चेहरा यायच्या आधी दर वेळी शेजारी चर्रर्र असा आवाज होतो. शरणबसप्पा ट्रॉलीचा सांगाडा जोडत होते. त्यांनी ठिणगी पाडली की आमच्या पंख्याचा वेग उतरायचा, आणि काठावर पळणारं मशीन कोसळायचं. मी जाऊन सांगितलं. बिचाऱ्यांनी लगेच ऐकलं. "तुमी टेस्ट लावा वैनी, म्या दर खेपेला विचारून मारतो."

त्या दिवसापासून हायवेवर नवाच कार्यक्रम सुरू झाला. पलीकडून शरणबसप्पा ओरडायचे, "वैनी, मारू का?" मी आतून ओरडायची, "थांबा!" मग काही वेळानं, "वैनी, आता मारू का?" कळंबकडं निघालेल्या एका जोडप्यानं मोटारसायकल थांबवली. त्यातली बाई खाली उतरून दुकानात आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, भिऊ नका, आमी हाव." तिला समजावण्यात अर्धी दुपार गेली. बरं, ती बाई आमची गोष्ट ऐकूनही पूर्ण पटल्यासारखी गेली नाही.

विचारून वेल्डिंग करण्यात शरणबसप्पांची ट्रॉली रखडली, ट्रॉलीवाला ओरडायला लागला, म्हणून हे म्हणाले, वीज ऑफिसला अर्ज दे. हे स्वतः आले नाहीत. अर्जावर सही करावी लागते, आणि त्यांची सही अलीकडं ओळखू येत नाही. मीच गेले. साहेब भले होते, त्यांनी खुर्ची दिली.

"व्होल्टेजची तक्रार आहे," मी म्हणाले.

"किती मिळतंय?"

"ते वरखाली होतं साहेब."

"आणि तुम्हाला लागतं किती?"

मी रात्रीचा दिवस करून अभ्यास केलेली बाई. मला जे येत होतं ते मी ताठ मानेनं सांगितलं. "एक पूर्णांक तीन."

साहेबांनी चष्मा काढला. "एक पूर्णांक तीन काय?"

"व्होल्ट. प्रोसेसरला."

ऑफिसातल्या टंकलेखनाचा आवाज थांबला. "बाई," साहेब अगदी हळुवारपणे म्हणाले, "आम्ही तुम्हाला दोनशे तीस देतो. पडलं तरी दीडशे-पावणेदोनशे असतंच. आणि तुम्ही एक पूर्णांक तीनसाठी इथवर आलात?" मी पॉवर सप्लाय, त्यानं केलेली विभागणी, असं बरंच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अर्जावर शेरा मारला: 'तक्रारदारास मागणीपेक्षा अधिक व्होल्टेज मिळत असल्याचे दिसून येते. तक्रार निकाली.' परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. आमचा अपमान असा लेखी आणि शिक्क्यासहित व्हायची ती पहिलीच वेळ.

शेवटी शरणबसप्पांनीच तोड काढली. मंगळवारपर्यंत ते वेल्डिंग सोडून नुसतं रंगकाम करणार म्हणाले. "गेरू मारायला करंट लागत न्हाय," म्हणाले. ट्रॉलीवाल्याला काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

आता उरला ताप. जूनचा उकाडा, पत्र्याचं दुकान, आणि प्रोसेसरच्या डोक्यावरचा पंखा गरगरत असला तरी आकडा नव्वदीच्या घरात. प्रोसेसर आणि पंख्याच्या बैठकीमध्ये एक राखाडी लेप असतो. तो आतली उष्णता वर पंख्याकडं पोचवतो. आमचा लेप वाळून खवले झाला होता. मी पंखा उतरवला, जुना लेप खरवडला, प्रोसेसर आरशासारखा पुसला, आणि नव्या लेपाची नळी घेऊन येणाऱ्या कुरिअरवाल्याला गाठायला एसटी स्टँडवर गेले. तो म्हणाला, पार्सल कळंबला उतरलं, उद्या येईल. परत येऊन बघते तर लेप लावलेला.

प्रोसेसरच्या लख्ख कपाळावर राखाडी लेपाचे तीन पट्टे. आडवे, सरळ, एकसारखे. कुठं ओघळ नाही, कुठं थरथर नाही.

जुन्या नळीत थोडा उरलेला असणार, आणि तो यांनी लावला असणार, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, मला तसंच वाटून घ्यायचं होतं. एवढं नाजूक काम, एवढ्या सरळ रेषा! म्हणजे हात बरा आहे. म्हणजे ते नुसतं उन्हाळ्याचं होतं, जागरणांचं होतं. मी दारात उभी राहून त्या तीन पट्ट्यांकडं बघितलं आणि माझे डोळे भरून आले. कुणाला काही विचारलं नाही. विचारून सुख कशाला पुसायचं? मी वर पंखा दाबून बसवला, मशीन सुरू केलं, आणि गुणगुणत टेस्ट लावली.

आकडा नव्वद, पंच्याण्णव, शंभर. मशीन फटकन बंद. दुकानात धुपाटण्यासारखा वास सुटला.

पंखा उघडला तर आत कोरडी राख. मी जन्मापासून लिंगायताच्या घरात वाढलेली बाई. रोज सकाळी तीन बोटांनी ओढलेले तीन पट्टे कपाळावर बघते, आणि मला ते ओळखू आले नाहीत.

"आत्याबाई, हे तुम्ही लावलंत?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "तूच म्हणालीस तापतंय म्हणून. त्यात कपाळ उघडंबोडकं ठेवून गेलीस. म्हटलं भस्म लावावं, ताप उतरंल." मग हातातली जपमाळ थांबवून म्हणाल्या, "कल्याणच्या हाताला बी लावतेच की मी रोज. मनगटाला."

हे दारातच उभे होते. सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. "कामाचा हात हाय म्हणून लावते," त्या घाईनं म्हणाल्या, आणि माळ पुन्हा ओढायला लागल्या. मी चिंधीला स्पिरिट लावून प्रोसेसर पुसत बसले. पुसून झाल्यावरही पुसत होते.

खरी नळी दुसऱ्या दिवशी आली. सरांनी घरून ओलं पोतं आणून खिडकीला लावलं. पन्नासबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. चव्वेचाळीस, एक पूर्णांक तीन, शेजारी गेरू. टेस्ट लावली. हे माझ्या शेजारी येऊन बसले, उजवा हात मांडीखाली दाबून, अलीकडं बसतात तसे. सकाळ सरली, जेवणं झाली, आकडा ऐंशीच्या खाली एका जागी. संध्याकाळी पडद्यावर अक्षरं आली: एकही चूक आढळली नाही.

"झालं," मी म्हणाले. "एकदम स्थिर."

हे पडद्याकडं वाकले, अक्षरं वाचली. "बरं झालं," म्हणाले. "कुणाचं तरी झालं." आणि हसले. मीही हसले. काय करणार?

मग अख्खं लग्न मशीनमधून काढलं. मशीननं एकदाही मान टाकली नाही. सोमवारी तात्यांना बोलावणं धाडलं. कॅसेट हातात देण्याआधी दाखवायची, ही आमच्या दुकानाची रीत. सर आले, शरणबसप्पा गेरूचे हात घेऊन आले, सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. हे मागं दाराशी उभे राहिले.

चित्र कसं आलं होतं म्हणून सांगू! अंतरपाट हलत नव्हता, भटजी हलत नव्हते, शिवांजलीच्या मुंडावळ्या तेवढ्या हलत होत्या, कारण त्या खरोखरच हलत होत्या. मला अभिमान वाटला. तात्यांनी पुढं सरकून बघितलं. जरा वेळानं मागं घ्यायला लावलं, परत बघितलं.

"वैनी, मेव्हणा कुठाय?"

"कोण मेव्हणा?"

"पोरीचा मामा. पोरीच्या पाठीशी उभा हाय की. असायला पायजे." तात्यांचा आवाज बदलला. "वैनी, शेताच्या बांधावरनं आमचं बोलणं तुटलं होतं. पोरगी स्वतः जाऊन त्याच्या पायात बसली तवा आला तो. अष्टका संपस्तोवर तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. म्या डोळ्यानं बघितलाय. एक वेळ नवरदेव न्हाय दिसला तर चालंल, पर तो दिसाय पायजे. उद्या पडद्याम्होरं तो बी बसणार हाय."

मला कळलं काय झालं ते. हलतं चित्र स्थिर करायचं तर सॉफ्टवेअर चारी कडा कापतं आणि मधलं तेवढं मोठं करतं. जितकं हलणं जास्त, तितकी कड जास्त जाते. मामा कडेला उभा होता. चित्रात शिवांजलीच्या पाठीवर नुसता एक हात होता, मनगटापर्यंत. पुढं कुणी नाही.

"ते तात्या, कड जाते जरा," मी सुरू केलं. "मूळ चित्र हलत होतं, म्हणून..."

"वारा होता त्या दिवशी," सर चटकन म्हणाले. "मे महिन्यात दुपारनंतर वावटळी उठतातच. हवेच्या दाबाचा प्रश्न आहे."

"आन् स्टेजच्या फळ्या," शरणबसप्पा म्हणाले. "ढिल्या होत्या. म्या तवाच मांडववाल्याला बोललो होतो."

तात्यांनी सगळ्यांकडं बघितलं. त्यांचा मेव्हणा कापला गेला होता, तरी ते मान हलवून म्हणाले, "व्हय. डीजेनं बी जमीन हादरत होती. त्यात कुणाचा काय दोष? राहू द्या वैनी. म्या सांगतो मेव्हण्याला कायतरी."

सासूबाईंची माळ चालू होती. मला वाटलं, झालं, आता पेनड्राइव्ह देऊन टाकावा.

"ते बंद कर," मागून हे म्हणाले. "मूळ लाव."

"अहो, पण..."

"लाव म्हणतो ना."

मी मूळ चित्रीकरण लावलं. बाहेरच्या माणसानं ते बघायची ही पहिलीच वेळ. शिवांजली थरथरत होती, अंतरपाट थरथरत होता, अक्षता पडायच्या आधीच सांडल्यासारख्या दिसत होत्या. आणि कडेला मामा होता, अख्खा. फेटा बांधलेला, तोंड दाबून रडणारा. तात्यांनी पडद्यावर त्याच्या फेट्याला बोट लावलं. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.

हे पुढं आले. मांडीखाली, खिशात, पाठीमागं, कुठंच न लपवता त्यांनी उजवा हात पडद्यासमोर धरला. मागं चित्र हलत होतं आणि पुढं तो.

"वारा नव्हता सर," हे म्हणाले. "फळ्या मी स्वतः बघितल्या होत्या, पक्क्या होत्या. तात्या, मामाला काढू नका. हात माझा हलतो."